बाजारातला भाव आणि चेहऱ्यावरचा भाव



बैलबाजारात जुने जाणकार बैल कसा पारखतात, हे तुम्हाला सांगायला नको. दात पाहतात, खूर पाहतात, खांदा चाचपतात, चार पावले चालवून बघतात. पण त्यांच्यातला खरा मुरलेला माणूस आणखी एक गोष्ट करतो. बैलाच्या तोंडासमोर सहज हात वर नेतो, जणू स्वतःच्या डोक्यावरची टोपी सारखी करतो आहे. बैल शांत उभा राहिला तर ठीक. त्याने डोळे मिटून मान झटकली, तर पारखणारा समजून जातो की हे जनावर मारकुट्या हाताखालून आले आहे. त्या बैलाला टोपी सारखी करणारा हात आणि चाबूक उगारणारा हात यांतला फरक कळत नाही. एकेकाळी कळत असेल. आता उगारलेला प्रत्येक हात त्याला एकच वाटतो.

आज मला खताच्या मात्रा सांगायच्या नाहीत, की डाळिंबावरच्या तेल्याबद्दलही लिहायचे नाही. लेकरांबद्दल लिहायचे आहे. तुम्ही म्हणाल, कृषी विस्तार अधिकाऱ्याला हा नसता उद्योग कोणी सांगितला? प्रश्न रास्त आहे. पण आमचे काम असे की बांधावर जायचे तर घरावरून जावे लागते. ओट्यावर बसावे लागते, चहा घ्यावा लागतो. पीक पाहता पाहता घरही दिसते. कळवण तालुक्यात इतकी वर्षे फिरताना जे दिसले, आणि पुढे त्याबद्दल जे वाचून समजले, ते तुमच्यापुढे ठेवतो.

पुनंद खोऱ्यातल्या एका गावची गोष्ट. २०२३ सालचे फेब्रुवारी-मार्चचे दिवस. ते दिवस तुम्ही विसरला नसाल. लाल कांद्याचा भाव असा कोसळला होता की काढणीची मजुरी आणि गाडीभाडे निघणे मुश्किल. पुढे सरकारला क्विंटलमागे ३५० रुपये अनुदान द्यावे लागले. मी एका घरी ओट्यावर बसून घरधन्याची वाट पाहत होतो. तो ट्रॅक्टर घेऊन बाजार समितीत गेला होता. त्याचा नऊ-दहा वर्षांचा मुलगा माझ्याजवळ बसून गणिते सोडवीत होता. इतक्यात लांबून ट्रॅक्टरचा आवाज आला. मला तो कुणाचाही ट्रॅक्टर वाटला असता. मुलाने मात्र वही मिटली. धाकट्या बहिणीचा हात धरून तिला मागच्या दाराने गोठ्याकडे नेऊन बसवले. अंगणात आडवी पडलेली सायकल उचलून भिंतीला लावली. पाण्याचा तांब्या भरून ओट्याच्या कडेला ठेवला. हे सगळे दोन मिनिटांत.

मी विचारले, “काय रे, काय झाले?”

तो हळूच म्हणाला, “भाव नाही भेटला. गेअर कसा टाकला, ऐकला नाही का तुम्ही?”

आणि खरोखरच भाव मिळालेला नव्हता.

त्याची आई नंतर कौतुकाने म्हणाली, “लई समजूतदार आहे हो माझा पोरगा, भाऊसाहेब. बापाचं मन बरोबर ओळखतो.” खरे होते. फाटकाची कडी कशी वाजली, चप्पल कुठे पडली, खाकरणे कसे होते, यावरून त्या मुलाला घरातले हवामान कळे. आपल्याला वेधशाळेचा अंदाज चुकीचा मिळेल, पण त्याचा अंदाज चुकत नसे. चुकून चालणारच नव्हते. अंदाज चुकला की पाठीवर पट्टा बसे.

पण याच मुलाची दुसरी बाजू मला त्याच्या शाळेत कळली. वृक्षारोपणाच्या निमित्ताने गेलो होतो. गुरुजी म्हणाले, “पोरगा हुशार आहे, पण त्याचे काही समजत नाही. परवा फळ्यावर ऊन आले होते म्हणून मी डोळे बारीक करून पाहिले, तर याने कोपर वर करून डोके झाकून घेतले. मी तर छडी हातातही धरत नाही.” आणखी एक ऐकायला मिळाले. कबड्डी खेळताना त्याने एका मित्राच्या तोंडावर बुक्की मारली. का मारली, विचारले तर म्हणाला, “तो माझ्याकडे रागाने पाहत होता.” त्या मित्राच्या डोळ्यात धूळ गेली होती, एवढेच.

आता नीट विचार करा. अर्ध्या मैलावरून गेअरचा आवाज ओळखणारा हा मुलगा. त्याला हातभर अंतरावरच्या सवंगड्याच्या डोळ्यातली धूळ ओळखता आली नाही. हे कसे?

अमेरिकेत विस्कॉन्सिन नावाचे राज्य आहे. दूधदुभत्यासाठी प्रसिद्ध. तिथल्या मॅडिसन गावच्या विद्यापीठात सेथ पोलॅक नावाचे मानसशास्त्रज्ञ आहेत. घरी मार खाल्लेली मुले आणि मार न खाल्लेली मुले माणसांचे चेहरे कसे वाचतात, याचा त्यांनी अनेक वर्षे अभ्यास केला. त्यांच्या एका प्रयोगात, २००२ साली, मुलांना चेहऱ्याचे चित्र आधी अगदी अंधुक दाखवले आणि हळूहळू स्पष्ट करत नेले. मार खाल्लेल्या मुलांनी रागाचा चेहरा लवकर ओळखला. इतर मुलांना चित्रात नाकडोळेही पुरते दिसत नव्हते, तेव्हाच ही मुले म्हणाली, “हा चिडला आहे.” त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगात त्यांनी चेहऱ्यांची भेसळ केली. एका माणसाचा रागाचा फोटो आणि भीतीचा फोटो, दुधात पाणी मिसळावे तसे कमीजास्त प्रमाणात एकमेकांत मिसळले. राग थोडा आणि भीती जास्त, अशा चेहऱ्यालाही मार खाल्लेली मुले ‘राग’ म्हणू लागली. म्हणजे रागाचे रान त्यांच्या मनात बांध ओलांडून शेजाऱ्याच्या वावरात शिरले होते.

हा मुलांच्या डोळ्यांचा दोष नव्हे, बुद्धीचा तर नव्हेच. बाजरीच्या माळ्यावर गोफण घेऊन बसलेला राखणदार आठवा. त्याला झाडावरचे वाळलेले पानही खाली येताना पाखरासारखे दिसते आणि तो दगड भिरकावतो. पाखरू समजून पान हाणले तर एक दगड वाया जातो. पान समजून पाखरे सोडली तर कणसे जातात. मग तो कशाची काळजी जास्त घेणार? मूलही हाच हिशेब करते, फक्त ते न समजता करते. लंडनमध्ये २०११ साली शास्त्रज्ञांनी घरात मारहाण पाहिलेल्या आणि सोसलेल्या मुलांचा मेंदू यंत्राने तपासला. रागीट चेहरा समोर येताच मेंदूतला धोक्याची सूचना देणारा भाग या मुलांमध्ये जास्त खवळून उठत होता. असेच खवळणे त्यापूर्वी लढाईवरून परतलेल्या शिपायांमध्ये आढळले होते. आपल्या घरातल्या पाटावर बसून भाकरी खाणारे लेकरू, आणि त्याचा मेंदू सीमेवरच्या शिपायाचा. मला हे वाचून त्या रात्री जेवण गेले नाही.

हे झाले माराचे. पण मार नसला म्हणजे सगळे ठीक, असेही नाही.

आपल्या तालुक्यात आणि शेजारच्या देवळा-सटाण्याकडे डाळिंबाच्या बागा तेल्याने कशा गेल्या, हे तुम्ही पाहिलेच आहे. अशाच एका घरी बाग गेली, कर्ज राहिले, आणि मग घरातला कर्ता माणूस गेला. कसा गेला, ते लिहीत नाही, तुम्हाला कळते. अशा घरी तलाठी येतो, पंचनामा होतो, सातबारा आणि कर्जाचे कागद पाहतात. २००६ च्या शासन निर्णयाप्रमाणे पात्र ठरलेल्या कुटुंबाला एक लाख रुपये मिळतात. ते मिळावेतच. पण घरात जे तीन-चार वर्षांचे लेकरू असते, त्याच्याशी सहा-सहा महिने कोणी चार वाक्ये सरळ बोललेले नसते. ‘बाबा गावाला गेलेत’ एवढे सांगून त्याला शेजारी पाठवतात. आई असते, पण तिचा चेहरा दगडासारखा झालेला असतो. तिचा काय दोष? तिला रडायलासुद्धा वेळ नसतो. सकाळी मजुरीला जायचे, संध्याकाळी सोसायटीच्या माणसाला तोंड द्यायचे.

एडवर्ड ट्रॉनिक नावाच्या शास्त्रज्ञांनी १९७८ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. तान्ह्या मुलाशी आई खेळते, हसते, बोलते. मग दोन-तीन मिनिटे तिने चेहरा अगदी कोरा ठेवायचा. हसायचे नाही, रागवायचे नाही, नुसते पाहायचे. मूल आधी हसून पाहते, हात पुढे करते. मग बावरते, आणि शेवटी तोंड फिरवून घेते किंवा रडू लागते. हे दोन-तीन मिनिटांत. ज्या घरात दोन-तीन वर्षे चेहरे कोरे असतात, तिथल्या मुलाचे काय होत असेल? पोलॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली दाखवले की ज्या लहान मुलांकडे घरी कुणाचे लक्षच नव्हते, त्यांना एक भाव दुसऱ्यापासून वेगळा ओळखणेच जड जात होते. मार खाल्लेल्याला सगळीकडे राग दिसतो. दुर्लक्षात वाढलेल्याला राग, दुःख, भीती यांची सरमिसळ होते. एकाने नको तितके वाचायला शिकलेले असते, दुसऱ्याला अक्षर-ओळखच झालेली नसते. चेहरा हीसुद्धा पाटी आहे, बंधूंनो. ती कुणीतरी समोर धरावी लागते.

इथे एक खुलासा करतो. प्रत्येक दुःखाने असे होते, असे नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मोठ्या माणसांना आठवत असेल. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेले, गावे दमून झोपलेली, आणि पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. लातूर-उस्मानाबादकडची हजारो माणसे गेली. कितीतरी लेकरे एका रात्रीत पोरकी झाली. भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथा यांनी त्या भागातली सुमारे बाराशे मुले पुण्याला आणली आणि वाघोलीला त्यांच्या राहण्या-शिकण्याची सोय केली. त्या लेकरांचे दुःख लहान होते, असे कोण म्हणेल? पण माझी आपली एक समजूत आहे. भूकंपाने मूल जमिनीला भिते, अंधाराला भिते, भिंतीला भिते. माणसाच्या चेहऱ्याला भ्यायला मात्र ते माणसाकडूनच शिकते. म्हणून जिथे संकटानंतर धरायला माणसाचा हात मिळतो, तिथे सावरणे सोपे जाते. आणि जिथे हातच संकट असतो, तिथे मुलाने धरायचे काय?

आपल्या पश्चिम भागातल्या पाड्यांवरून सहा वर्षांची मुले आश्रमशाळेत येतात. दिवाळीनंतर आईबाप दिंडोरी-निफाडकडे द्राक्षाच्या कामाला किंवा गुजरातेत मजुरीला जातात, तेव्हा मागे म्हाताऱ्या माणसांजवळही बरीच मुले राहतात. तिथे शिक्षण मिळते, दोन वेळचे जेवण मिळते, त्याला मी नावे ठेवत नाही. प्रश्न एवढाच असतो की, रात्री स्वप्नात दचकून उठल्यावर त्या मुलाला कोणाचा चेहरा दिसतो, आणि उद्या तोच दिसतो का? रुमानिया देशात १९८९ साली राजवट कोसळली, तेव्हा सरकारी अनाथालयांत हजारो मुले सापडली. खाणे होते, खाटा होत्या, पण ओळखीचे माणूस नव्हते. पाळी संपली की सांभाळणारी बाई बदले. तिथे २००० सालापासून शास्त्रज्ञांनी १३६ लहानग्यांवर दीर्घ अभ्यास केला. त्यांतल्या निम्म्या मुलांना कुटुंबे शोधून दिली. ज्यांना दोन वर्षांचे होण्याआधी घर मिळाले, ती जीव लावण्यात, माणूस जोडण्यात बरीच पुढे गेली. आश्रमशाळेतल्या ज्या ताई, मामा, स्वयंपाकीण बाई वर्षानुवर्षे एकाच जागी टिकतात आणि मुलांना नावाने हाक मारतात, त्यांचा पगार किती का असेना, त्यांचे मोल तुम्ही कमी समजू नका. पोराला सुट्टीत घरी आणाल तेव्हा त्याला विचारा, “तुला तिथे कोण आवडते?” कोणाचेच नाव आले नाही, तर एकदा शाळेत जाऊन या.

तुम्ही उन्हाळ कांद्याला डेंगळे आलेले पाहता. फेब्रुवारीत डेंगळा दिसतो आणि आपण म्हणतो, आत्ता काय बिघडले? पाणी चुकले का, खत चुकले का? पण बिघाड फेब्रुवारीतला नसतो. रोप जास्त दिवसांचे झालेले लावले आणि लगेच कडाक्याची थंडी बसली, ती नोंद रोपाने पोटात ठेवलेली असते. माणसाचेही पुष्कळदा असेच असते. लहानपणी बसलेली थंडी संसारात डोके वर काढते.

एका घरात नवी सून आली होती. कामसू, गोड मुलगी. माहेरी बाप दारू पिऊन रात्री सगळ्यांना उठवून मारायचा, हे लग्न जमवताना कोणी सांगितले नव्हते. इथली सासू मनाने चांगली, पण अर्धशिशीची बाई. डोके दुखू लागले की बोलत नसे, कपाळाला आठ्या घालून चुलीपुढे बसे. सुनेला वाटे, माझे काही चुकले. ती तेच भांडे तीनदा घासायची. पुन्हा पुन्हा विचारायची, “आत्या, तुम्ही माझ्यावर रागावल्या का?” दुखत्या डोक्याला तो प्रश्न टोचायचा, मग सासू खरोखरच चिडून ओरडायची, “नाही म्हटलं ना एकदा!” सुनेला वाटे, बघा, होताच राग. दोन वर्षे हे चालले. दोघींपैकी वाईट कोणीच नव्हती. पुढे धाकट्या जावेने त्यावर साधा उपाय काढला. डोके दुखू लागले की सासूने डोक्याला पांढरा फडका बांधायचा. फडका दिसला की राग नाही, अर्धशिशी. घर शांत झाले. मी अनेक चर्चासत्रे ऐकली आहेत. इतका स्वस्त तोडगा तिथे कुणी सांगितला नाही.

सालदाराचेही तसेच. चांगला कामाचा गडी दर सहा महिन्यांनी मालक बदलतो, कारण मालकाने नुसते “अजून वाफे व्हायचेत का?” विचारले तरी त्याला शिवी ऐकू येते. आपण म्हणतो, माणूस तिरसट आहे. असेलही. पण एकदा त्याचे बालपण विचारून पाहा.

आणि तो गेअर टाकणारा बाप? त्याच्याशी मी बोललो. पहिल्यांदा उडवून लावले त्याने. नंतर म्हणाला, “आमच्या म्हाताऱ्याने मला विहिरीत उलटं टांगलं होतं, भाऊसाहेब. मी तर नुसता पट्टा काढतो.” म्हणजे त्यालाही वाटत होते की आपण बापापेक्षा बरे आहोत. हिशेबाने पाहिले तर तो बराच होता. पण मुलाचे मन असा हिशेब करीत नाही.

यात आशेचीही एक गोष्ट आहे, ती सांगितली पाहिजे. लहानपणी आघात सोसलेल्या मोठ्या माणसांचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यांना दुसऱ्याचे दुःख सरासरीने इतरांपेक्षा जास्त जाणवते, असे त्यात आढळले. तुमच्याही गावात अशी एखादी काकू असेल. स्वतः फार सोसलेली, आणि कोणाच्या घरी काही झाले की न बोलावता सर्वांत आधी जाऊन चूल पेटवणारी. तेव्हा अशा मुलावर ‘बिघडला’ असा शिक्का मारू नका. डेंगळा आलेला कांदा पुन्हा सुधारत नाही हे खरे, पण लेकरू म्हणजे कांदा नव्हे. त्याची लागवड रोज नव्याने होत असते.

ती कशी करायची, तेवढे सांगतो. पैसा लागत नाही.

पहिले म्हणजे, आपला चेहरा आपण वाचून दाखवायचा. कांद्याचा भाव पडला, तुमचे तोंड उतरले, मूल पाहते आहे. त्याला वाटते, कारण मी आहे. तेव्हा ओट्यावर बसता बसता मोठ्याने सांगा, “आज भाव पडला. मला त्याचा राग आलाय. तुझ्यावर नाही.” तीन वाक्ये आहेत. बाजारातला भाव आपल्या हातात नाही, ८ डिसेंबर २०२३ ला एका दिवसात निर्यातबंदी आली तेव्हा आपल्याला कोणी विचारले होते? पण चेहऱ्यावरच्या भावाचे नाव मुलाला सांगणे आपल्या हातात आहे. पुरुष मंडळींना हे बोलायला जड जाते, मला ठाऊक आहे. पहिल्या दिवशी जीभ अडखळते. पुनंद खोऱ्यातल्या त्या बापालाही जड गेले. त्याने पट्टा तरी खुंटीवरून काढून टाकला, बोलायला मात्र पुढचा हंगाम उजाडावा लागला.

मुलाने चुकीचे वाचले, तर त्याला खोटे पाडू नका. “बाई रागावल्या” असे तो म्हणाला की “छे, काहीतरीच!” म्हणू नका. विचारा, “तुला कशावरून वाटले? डोळे कसे होते? दुसरे काय कारण असेल?” सुरगाणा-पेठच्या बाजूला बोहाड्यात सोंगे नाचतात. लहान मूल राक्षसाच्या मुखवट्याला घाबरून आईच्या पदरात शिरते. मग कोणीतरी मुखवटा वर करून दाखवतो, आत आपलाच काका घामाघूम होऊन हसतो आहे. पुढच्या वर्षी तेच मूल पुढे जाऊन सोंगाचा हात धरते. भ्यालेल्या मुलाला हा मुखवटा पुन्हा पुन्हा वर करून दाखवावा लागतो. एकदा दाखवून भागत नाही.

सांगितलेल्या वेळी घरी या. रागावलात, हात उचलला गेला, तर मुलापाशी जाऊन ‘माझे चुकले’ म्हणा. त्याने बापाचा मान कमी होत नाही. ज्या घरी माणूस गेला आहे, तिथे मुलाला त्याच्या वयाला झेपेल एवढे खरे सांगा. ‘गावाला गेलेत’ म्हटलेले मूल रोज संध्याकाळी एसटीची वाट पाहत बसते. आणि आई खचली असेल तर आजी, मावशी, शेजारीण, कोणीतरी एक हसता चेहरा रोज ठराविक वेळी त्या मुलाच्या वाट्याला येऊ द्या.

शाळेत मास्तरांना ‘हाणा त्याला, आमची परवानगी आहे’ असे सांगून येणारे पालक अजूनही भेटतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शाळेत मारणे आणि मानसिक छळ करणे, दोन्हींना बंदी आहे. तुमच्या परवानगीने ती उठत नाही.

आणखी एक गंमतीची पण कामाची गोष्ट. त्याच मॅडिसनच्या विद्यापीठात पूर्वी हॅरी हार्लो नावाचे शास्त्रज्ञ माकडांवर प्रयोग करीत. जन्मापासून सहा महिने एकटी कोंडलेली माकडाची पिल्ले नंतर कळपात सोडली की कोपऱ्यात बसून झुलत राहत. मोठी माकडे जवळ आली तर त्यांना काहीच उमजत नसे. हे प्रयोग निर्दयच होते, आणि त्यांवर पुढे टीकाही पुष्कळ झाली. पण १९७२ साली हार्लो आणि सुओमी यांनी या कोंडलेल्या पिल्लांजवळ त्यांच्याहून लहान, तीन महिन्यांची, नीट वाढलेली पिल्ले सोडली. ती लहान पिल्ले काही शिकवायला गेली नाहीत. नुसती येऊन बिलगली, अंगावर चढली, खेळू लागली. काही महिन्यांत कोंडलेली पिल्ले बरीच माणसाळली. माकडाळली म्हणा हवे तर. मोठ्यांच्या चेहऱ्याला भिणारे मूल लहानग्याच्या चेहऱ्याला भीत नाही. तेव्हा अशा मुलाच्या मांडीवर शेजारचे रांगते बाळ द्या. जवळ बसा, लक्ष ठेवा, आणि तो बाळाकडे पाहून काय काय तोंडे करतो ते पाहा. त्या डाळिंबवाल्या घरातला मुलगा महिनोन् महिने कोणाशी हसला नव्हता. चुलत्याच्या सात महिन्यांच्या मुलीने त्याचे नाक धरून ओढले, तेव्हा तो पहिल्यांदा हसला, असे त्याच्या आजीने मला सांगितले.

घरच्या उपायांना मर्यादा आहे, हेही लिहून ठेवतो. मूल अंथरूण ओले करू लागले, रात्री किंचाळून उठते, महिनोन् महिने बोलत नाही, जनावरांना किंवा लहान मुलांना इजा करते, मरणाच्या गोष्टी बोलते, तर अंगारा-धुपाऱ्यात दिवस घालवू नका. देवीच्या गडावर नवस जरूर बोला, पण डॉक्टरांनाही दाखवा. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याचा विभाग असतो. १० ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा सुरू झाली आहे. तिचा क्रमांक १४४१६, पैसे लागत नाहीत आणि मराठीतही बोलता येते. मुलाला घरी किंवा बाहेर कोणी मारहाण करीत असेल, अंगाला वाईट हात लावत असेल, तर १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक आहे. तो मूल स्वतःही फिरवू शकते, शेजाऱ्यालाही फिरवता येतो. दोन्ही क्रमांक खडूने मोठ्या अक्षरांत दाराच्या आतल्या बाजूला, मुलाचा हात पोचेल इतक्या उंचीवर लिहून ठेवा. वरच्या पाड्यांवर फोनला रेंज मिळत नाही, ही अडचण मला माहीत आहे. तिथल्यांनी कळवणच्या किंवा अभोण्याच्या बाजाराला उतराल त्या दिवशी, माल विकण्याच्या आधी फोन लावा. विकल्यानंतर मन थाऱ्यावर असेलच असे नाही.